एवढं मात्र वाटू नकोस

प्रिय झेली,

शिवणाच्या तासाला आपण दोघी खिडकीशी बसायचो, आठवतं? बाहेर नदी गोठलेली असायची, खोलीतली शेगडी नुसतीच धुरकटायची आणि तू पायावर पाय आवळून, ओठ चावत, उशीच्या अभ्र्याला लेस लावत असायचीस. बाहेर जायला हात वर केलास की सिस्टर युडॉक्सी चष्म्यावरून बघायच्या. "घंटा होईपर्यंत धर, बाळ. हा त्रास प्रभूला अर्पण कर." मी सरळ उठून जायचे आणि परत आल्यावर छडी खायचे. तू अर्पण करायचीस. मग घंटा झाली की जिन्यावरून अशी धावायचीस की मला हसू आवरायचं नाही.

आता हसू येत नाही, राग येतो. पंच्याहत्तरी उलटली, स्वतः सिस्टर होऊन जन्म गेला, तरी तुझं अर्पण चालूच! संध्याप्रार्थना संपेपर्यंत जागचं हलायचं नाही, ईस्टरआधीच्या उपवासात पाणीसुद्धा बेताचंच, आणि लघवीला जळजळ झाली की तीही देवाला. अगं, त्याला दुसरं काही नको असेल का?

ही जळजळ ज्या जंतूमुळे होते, मी आयुष्यभर प्रयोगशाळेत त्याचंच घर सांभाळलं. तू म्हणायचीस, "ओडील, तुझं ते घाणेरडं काम जेवताना सांगू नकोस." नाही सांगितलं. आता मात्र ऐक. हा प्राणी आपल्या आतड्यात मुकाट्याने राहतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्यातला एखादा वर चढून मूत्राशयात येतो. तिथे खायला धड नाही आणि वरचेवर पूर. दुसरा कुणी वाहून गेला असता. हा स्वतःला बदलतो. त्याच्या अंगावर बारीक केस येतात, केसांच्या टोकाला आकडे, आणि धार जितकी जोरात ओढते तितका आकडा घट्ट बसतो. तरी जे अजून चिकटले नाहीत ते पाण्याने वाहून जातात, म्हणून तर मी पाणी पी, पाणी पी म्हणून घसा कोरडा करते! चिकटलेला मग अस्तराच्या पेशीत शिरतो आणि आत गर्दी करतो. शरीराचे शिपाई गिळायला आले की काहीजण दोऱ्यासारखे लांबच लांब होतात, म्हणजे घास तोंडात मावायला नको. आणि थोडे खाली खोल जाऊन झोपी जातात. मठात नवीन आलेल्या मुलीसुद्धा इतक्या लवकर रुळत नाहीत.

तो झोपला की तुला वाटतं, बरी झाले. मग तू काय करतेस? उरलेल्या गोळ्या वाटतेस! तुमच्या मठाच्या मदर लिओंटीननी मला ते बिस्किटांचं डबडं दाखवलं. सगळ्यांच्या उरलेल्या गोळ्या एकत्र. सिस्टर क्लोथिल्डला जळजळ, घे दोन. कुणाचा दात दुखतोय, घे दोन. मी ओरडले तर मदर शांतपणे म्हणाल्या, "आमच्यात माझं-तुझं नसतं, मॅडम." धन्य आहे! त्या दोन गोळ्या जंतूला मारायला कमी आणि शिकवायला पुरेशा. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याची शाळा चालवली आहे, आणि आपल्या शाळेपेक्षा तिचा निकाल चांगला लागतो आहे.

हिवाळ्यात तू मला ओळखलं नाहीस. तू सिस्टर युडॉक्सींना हाका मारत होतीस आणि शिवण पुरं झालं नाही म्हणून रडत होतीस. सगळे म्हणाले, वय झालं, आता विस्मरण झालेल्यांच्या कक्षात न्यायचं. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, या वयात हा जंतू डोक्यातही गोंधळ घालतो, आधी हिची लघवी तपासा, मग काय ते न्या. सलाईनमधून औषध गेलं आणि थोड्याच दिवसांत तू डोळे उघडून म्हणालीस, "ओडील, किती म्हातारी दिसतेस गं!" इतकं गोड मला कुणी काही बोललेलं नाही.

आणि परवा कळलं, दवाखान्यातून मठात आणलेल्या गोळ्यांतल्या अर्ध्या क्लोथिल्डच्या पोटात गेल्या. डॉक्टर थेरियो म्हणतात, तुझ्या लघवीत तोच जंतू परत उठलाय आणि तोंडाने घ्यायच्या औषधांपैकी आता एकच त्याच्यावर चालतं. तेही फसलं आणि तो मूत्रपिंडात चढला, तर पुढच्या खेपेला तू मला पुन्हा ओळखशील याची खात्री ते देत नाहीत. झेली, त्या शिवणाच्या खोलीतलं आता माझ्याशिवाय तूच उरली आहेस. तू विसरलीस तर मी जिन्यावरची ती धाव कुणाला सांगू?

म्हणून हे पत्र. भाचा रेनॉल्ड सोबत खोकं घेऊन येतोय. ब्लूबेरीचा जॅम सगळ्यांचा. गुळाच्या पाकाची बरणी स्वयंपाकघराला, रविवारच्या धिरड्यांसाठी. चॉकलेटं मदर लिओंटीनना, म्हणजे त्या ते डबडं रेनॉल्डच्या हाती देतील. क्लोथिल्डला लोकरीचे मोजे, आणि डॉक्टरांची वेळ मी तिच्यासाठी वेगळी घेतली आहे, तिला तिचं औषध मिळेल. निळी शाल तुला, पण ती तू देऊन टाकणार हे मला माहीत आहे, देऊन टाक. फक्त तळाशी पांढऱ्या पाकिटात जे औषध आहे ते कुणाचं नाही. देवाचंही नाही. ते तुझं एकटीचं, शेवटच्या पुडीपर्यंत.

तुझीच, छडी खाणारी,
ओडील