मोंटानाचा मुलगा मोंटानातच!

१२ जानेवारी
संकल्प : यंदा मोंटानाचा एकही चांगला खेळाडू राज्याबाहेर जाऊ द्यायचा नाही. तसा यंदा एकच आहे. कोल्टर हॉगन. साडेसहा फूट, तीनशे पौंड. गाव ड्राय फोर्क. शाळेत अकरा पोरं भरत नाहीत, म्हणून तिथला अमेरिकन फुटबॉल सहा-सहा जणांचा. हेड कोच म्हणाले, हॉगनला आपल्या कॉलेजात आण, नाहीतर तुझं टेबल रिकामं कर. गंमत केली असावी. भाषण तयार आहे : ‘या मातीचा घाम याच मातीसाठी!’

१७ जानेवारी
सहा तास गाडी हाकली. हॉगनांच्या स्वयंपाकघरात भाषण. कोल्टरचे वडील व्हर्लिन डोळे मिटून ऐकत होते. काय एकाग्रता! (गाई व्यायचे दिवस, तीन रात्री झोप नाही म्हणे. गौण मुद्दा.) बत्तिसाव्या मिनिटाला आई गोठ्यातून ओरडली, गाय अडलीय, वासरू उलटं आहे! सगळे उठले. ऐन शिखरावर! व्हर्लिन म्हणाले, चला हो कोच, एक हात कमी पडतोय. मी कॉलेजचं नवं जाकीट दाखवलं. उरलेलं भाषण आजीला ऐकवलं. त्या म्हणाल्या, विमा आम्ही काढलाय रे बाबा.
वासरू गेलं. वाईट झालं. पण भाषण पोचलं.

२३ जानेवारी
व्हर्लिन फोनवर म्हणाले, सध्या येऊ नका. चौदा पानी पत्र धाडलं. शाळेच्या कोचकडून कळलं, कोल्टरला न्यायला आलेला नॉर्थ डकोटाच्या कॉलेजचा माणूस हिमवादळामुळे हॉगनांकडेच अडकलाय. दंडापर्यंत शेणानं माखलेला, बोलत काहीच नाही. बिचारा! एवढ्या लांब आला आणि एक वाक्य तयार नाही.

२९ जानेवारी
कोल्टरचा फोन. कोच, तुमच्या टीममध्ये मोंटानाचे किती? म्हटलं, आकडे कारकुनांनी मोजावेत, आपण निष्ठा मोजू. तो म्हणाला, सहाच ना? म्हणजे आमच्या शाळेएवढी टीम झाली. मग विचारलं, तुम्ही स्वतः कुठले? म्हटलं, ओहायोचा, पण मातीचं प्रेम जन्मगाव विचारत नाही. त्यानं फोन ठेवला. भारावला.

४ फेब्रुवारी, बुधवार
शाळेचं जिम. टेबलावर दोन टोप्या. पोरगा जी डोक्यावर चढवील, त्या कॉलेजचा. आमची मी स्वतः ऐन मधोमध ठेवली. त्यानं दुसरी उचलली. डकोटावाल्याची स्वतःची, शेणाचा डाग असलेली. टाळ्या. मोंटानाचं दुर्दैव!

५ फेब्रुवारी
टेबल रिकामं केलं. गंमत नव्हती.

९ फेब्रुवारी
व्हर्लिनचा फोन. म्हणाले, मोकळे झालात असं ऐकलं. अजून दोनशे गाई व्यायच्यात, पोराला शाळा आहे, हात कमीच पडतोय. जाकीट आणू नका. मी म्हटलं, व्हर्लिन, माझं शस्त्र म्हणजे माझी वाणी! ते म्हणाले, मग बोला की. अडलेली गाय उठून जात नाही.
उद्या निघतो. भाषण बरोबर घेतलंय.