पिंजारगल्लीची शिरगणती

१२ जानेवारी १९६१, अकोला

आलो बुवा एकदाचा! भुसावळला गाडी बदलताना ट्रंकेची कडी तुटली, धोतरावर कोळसा बसला, पण मन खुशीत आहे. नगरपालिकेच्या शाळेत मास्तर! हंगामी का होईना. खोलीही शाळेजवळ मिळाली, पिंजारगल्लीत, खुर्शीदबी नावाच्या साठीच्या बाईंच्या घरात. चूल वेगळी, दार थेट रस्त्यावर. दिवसभर पिंजणाचा टणत्कार आणि हवेत कापूस. आज वरणातही निघाला. चालायचंच. बायकोला, ललिताला, लगेच लिहिलं, की नोकरी कायम होऊ दे, दुसऱ्या दिवशी तुला बोलावतो. साताऱ्यात वहिनीच्या हाताखाली ती बिचारी किती दिवस काढणार?

२८ जानेवारी

शिरगणतीचं काम गळ्यात पडलं. आमच्या भागाचे पर्यवेक्षक उत्तमराव म्हणाले, हिशेब चोख द्या, दातार मास्तर, तुम्हाला कायम करायचा शब्द मी टाकतो. मग काय, आनंदाने घेतलं. वर फुकटची एक हमाली: जुन्या शिरगणत्यांतून शहराच्या लोकसंख्येचा तक्ता करायचा. १९११ च्या कागदांत पिंजारगल्लीचा आकडा १९०१ चाच आहे. जसाच्या तसा! दहा वर्षांत इथे कुणी जन्मलं नाही की मेलं नाही? उत्तमराव म्हणाले, पन्नास वर्षांपूर्वीचं मढं कशाला उकरता, उतरवा आणि मोकळे व्हा. अशी यांची कामाची तऱ्हा.

३० जानेवारी

खुर्शीदबींना सहज विचारलं, तर म्हातारीने पिंजणच खाली ठेवलं. तेव्हा म्हणे सगळी गणती एकाच संध्याकाळी व्हायची आणि गणतीवाला येईपर्यंत कुणी घर सोडायचं नाही असा हुकूम असे. त्या साली प्लेग होता. बाकीचं शहर रानात झोपड्या घालून राहिलेलं. गल्लीतही उंदीर पडू लागले होते, तरी सरकारचा हुकूम म्हणून हे लोक धुतलेले कपडे घालून बसून राहिले. गणतीवाला गल्लीच्या तोंडाशी आला, मेलेले उंदीर पाहिले, तिथल्याच ओट्यावर बसून मागचा आकडा लिहिला आणि पळाला. हे लोक, तो उद्या येईल, परवा येईल म्हणत थांबले. सगळ्यांच्या काखेत गाठी आल्या. खुर्शीदबी तेव्हा मूर्तिजापूरला मामूकडे होत्या, म्हणून वाचल्या.

तेव्हापासून इथली रीत अशी, की मोजणाऱ्याने घराघरात जायचं, सतरंजीवर बसायचं, एकेकाचं नाव घ्यायचं आणि त्याने 'हौ' म्हणायचं. बंद घरासमोरही थांबायचं. त्या गणतीवाल्याचं पुढे काय झालं, असं विचारलं, तर म्हणाल्या, “त्याले मंग कोनीच पाह्यलं नाई.”

१४ फेब्रुवारी

काय कटकट आहे! तीन घरांत अख्खी दुपार गेली. बसा म्हणतात, पाणी घ्या म्हणतात, चार-चारदा नाव घ्यायला लावतात. एका आजीला 'हौ' ऐकूच येईना, तर सून म्हणते पुन्हा घ्या! माझं काय बारसं चाललंय इथे? शाळेच्या वह्या तपासायच्या पडल्यात, उत्तमराव रोज डोकं खातात. शेवटी गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर बसलो. चहावाल्या श्रावणला सगळी घरं पाठ आहेत. त्याने सांगितलं, मी लिहिलं. चहा निवायच्या आत काम फत्ते! खुर्शीदबी दारातून बघत होत्या. त्या रोज संध्याकाळी धाडतात तो सालनाच्या रश्शाचा वाडगा आज काही आला नाही.

१८ फेब्रुवारी

बेरीज जुळत नाही. श्रावणने सांगितल्यापेक्षा माणसं जास्त भरतात. पुन्हा केली, आणखी जास्त! उत्तमराव शिपायासमोर बोलले, की मास्तर, तुम्हाला बेरीज येत नाही आणि पोरांना काय शिकवता? तळपायाची आग मस्तकात गेली. उन्हातच गल्लीत तपासायला गेलो.

टोकाच्या घराला कुलूप होतं. खिडकीतून डोकावलो. आत सतरंजीवर माणसं बसली होती, धुतलेल्या कपड्यांत, सगळी दाराकडे तोंड करून. एका मुलीने शाळेत करतात तसा हात वर केला होता. माझ्याकडे वळून सगळी एकदम म्हणाली, “आमाले लिवलं काय?”

पळालो. वहाण तिथेच राहिली. आता मी म्हणतो ऊन लागलं असेल. ऊनच.

२१ फेब्रुवारी

उत्तमरावांसमोर उभा राहून सगळं सांगितलं. ते शेंगा सोलत राहिले आणि मग शिपायाला म्हणाले, दातार मास्तर काहून नाही आले आज? असा अपमान! ओरडलो. ढिम्म हलले नाहीत. टांगेवाला थांबला नाही. वर्गात पोरांनी धुडगूस घातला, मी टेबलावर हात आपटतोय, आणि हेडमास्तर दारात येऊन विचारतात, या वर्गाला मास्तर नाही का?

संतापाने रडू आलं. मी आहे ना! हा काय इथे उभा आहे!

२४ फेब्रुवारी

चूक कबूल. आज प्रत्येक घरी गेलो, बंद घरांपुढेही उभा राहिलो. नावं घेतली. आतून 'हौ' आले, एकेक, स्वच्छ. बंद घरातली ती सगळी आता मोजली गेली. शेवटी मी माझं नाव घेतलं— मोरेश्वर दातार— 'हौ'ही मीच म्हटलं— पण ते नाव घेणारं दुसरं कुणीच—

खुर्शीदबींच्या पायाशी बसून विनवलं. त्या माझ्या अंगावरून खोली झाडत गेल्या. केरसुणी लागली मला. त्यांना नाही कळलं.

१ मार्च

भूक लागते. म्हणजे आहेच ना मी?

उत्तमरावांनी साताऱ्याला तार केली म्हणे, मास्तर बेपत्ता. बेपत्ता! माझ्याच खोलीच्या दारात उभं राहून श्रावणला सांगत होते—

४ मार्च

ललिता आली. टांग्यातून उतरली. तीच ती तुटक्या दांडीची छत्री. वाळली आहे किती. मी धावलो, ट्रंकेला हात घातला, तर तिने स्वतःच उचलली— जड होती गं, मी देतो ना—

माझ्या खाटेवर बसली आहे. मी समोर. ललिता. अगं ललिता.

नवा गणतीवाला आलाय, फेरतपासणीला. भला माणूस. घरात आला. बसला. तिचं नाव घेतलं. ती 'हो' म्हणाली. आता विचारतोय, घरात आणखी कोण.

सांग. माझं नाव सांग, मी लगेच हौ म्हणतो, ऐक तरी— ती इकडे बघतेय. सरळ माझ्याकडे— डोळे पुसले— म्हणाली, कुणी नाही, मी एकटीच—

तो लिहितोय— अहो थांबा, अजून शाई ओली आहे, मी इथे, हा—