मागच्या फॉर्मप्रमाणे

३ नोव्हेंबर, सोमवार

बडोदे आवडलं! स्टेशनवर उतरून तासही झाला नव्हता, तोच मंदाकाकूंनी पुढ्यात शेव-उसळ ठेवली. सांगलीच्या जिभेलाही हाय म्हणायला लावणारी. तरसालीतल्या त्यांच्या घराची वरची खोली मी भाड्याने घेतलीय. काकू मराठीत रागावतात आणि गुजरातीत लाड करतात. त्यांचे यजमान जनार्दनकाका बावीस वर्षं मकरपुऱ्यात माझ्याच कारखान्यात प्रेस मशीनवर आहेत. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी मला 'अवंतीबेन' करून टाकलं. उद्यापासून त्यांच्या स्कूटरवर मागे बसून जायचं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काम समजलं. प्रत्येक मशीनला एक टॅब्लेट अडकवलेला आहे. पाळी सुरू झाली की कामगाराने त्यावर सुरक्षेचा फॉर्म भरायचा: नाव, मशीन, इजा झाली का, कुठे, किती वाजता, असे साठ रकाने. तो वायरलेसने पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर जातो. जातो कसला! पत्र्याची शेड, वर लोखंडी क्रेन, शेजारी वेल्डिंग. फॉर्म अर्ध्यात लटकतात. त्यातून प्रत्येक वेळी साठही रकान्यांची नावं सोबत जातात, म्हणजे चिठ्ठीपेक्षा पाकीट जड. साहेब जयवंतराव म्हणाले, पंधरा दिवसांत हलकं करून दाखवा. मी पाच मागितले. जरा शेखीच मिरवली.

१० नोव्हेंबर, सोमवार

झालं! आता पाकीट पाठवायचंच नाही. त्याच टॅब्लेटच्या मागच्या फॉर्मपेक्षा जेवढं वेगळं, तेवढंच जाणार; बाकीचं पुण्याकडे मागच्या फॉर्मप्रमाणे आपोआप भरलं जाणार. शिवाय 'नाही' असं उत्तर असेल तर तेही पाठवायचं नाही, रोज तेच तर असतं. अख्खा फॉर्म चिमूटभर झाला. जयवंतरावांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. काकांनी घरी येताना जिलेबी घेतली, काकू त्यांच्या साखरेवरून चिडल्या, मग दोन तुकडे स्वतःच खाल्ले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सात नंबरच्या प्रेसवर रमाकांतचा उजवा हात गेला. मी दहा पावलांवर होते. डाय, म्हणजे प्रेसचा वरचा जड साचा, खाली आला, वर गेला, आणि हात खालीच राहिला. रमाकांत ओरडला नाही. आपल्या मनगटाकडे बघत राहिला, रक्त बाजूच्या मशीनपर्यंत उडत होतं. काकांनी त्याला उचललं. फॉर्म मीच भरला: उजवा हात, मनगटापासून, ११.४०. रात्री जेवले नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी स्क्रीनवर पाहिलं, आज सात नंबरवर असलेल्या पीयूषच्या नावापुढेही तेच. उजवा हात, मनगटापासून, ११.४०. चूक लगेच कळली. पीयूषने 'इजा नाही' भरलं, माझ्या हुशारीने ते पाठवलंच नाही, पुण्याने कालचं उचललं. स्वतःला बावळट म्हणत चहा प्यायले.

अपघात झाला तेव्हा पीयूष मशीनवर नव्हताच. कँटीनबाहेर उभा होता. टेम्पोतून पत्रा घसरला आणि त्याच्या उजव्या हातावर आला. मनगटापासून. कँटीनच्या घड्याळात ११.४० वाजले होते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पुण्याला जे नोंदलं जातं तेच घडतं, हे जयवंतरावांना सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, रजा घ्या म्हणाले. यंत्रणा बंद करायला तयार नाहीत, गिऱ्हाईक फॉर्म बघत बसलेलं असतं. पुण्याकडचं मला पुसता येत नाही. 'नाही' पाठवायची सोय असलेली नवी आवृत्ती लिहायला चारपाच दिवस लागतील. आणि सोमवारी सात नंबर पुन्हा सुरू होणार, तो कोण चालवणार? अनुभवी माणूस हवा. जनार्दनकाका.

हे मी केलंय. काकांना काही झालं तर काकूंच्या घरात मी कोणत्या तोंडाने राहू?

१७ नोव्हेंबर, सोमवार

एकच वाट सुचली. 'नाही' जात नाही, पण दुसरी इजा जाते. काकांच्या फॉर्मवर लिहिलं: करंगळीला ओरखडा, १०.३०. पाठवला.

साडेदहाला काकांची करंगळी पत्र्याला घासली. ११.४० वाजले, गेले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. काका म्हणतात, अवंतीबेन, एवढ्याशा रक्ताला भ्यायचं नसतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बापू गेले. क्रेनचे फिटर. त्यांनी कुठला फॉर्म भरला नव्हता, साखळीच जुनी होती. सात नंबरच्या वर तुटली आणि चाबकासारखी त्यांच्या गळ्याला बसली. मान एका बाजूला — कातडीवरच राहिली होती. माझ्या ओढणीवर अजून —

जयवंतरावांनी हाताशी होता तो टॅब्लेट उचलून फॉर्म भरला. सात नंबरचा. गळा. २.१५. मी नको नको म्हणेपर्यंत गेला.

काकांना बजावलंय, उद्या त्या टॅब्लेटला हात लावायचा नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी १.४०. नवी आवृत्ती तयार. सातचा टॅब्लेट केबिनमध्ये आणला आणि ती चढवायला लॉग-इन केलं. लॉग-इन केलं की आपला फॉर्म आपोआप जातो, हे विसरले. मीच लिहिलेलं, मीच विसरले.

स्क्रीनवर दोन नावं. जनार्दन — सकाळी जयवंतरावांनीच त्यांच्या वतीने भरून टाकलाय. त्याखाली अवंती. दोघांपुढे गळा. २.१५.

१.४८. अर्धी चढलेली आवृत्ती नेट अडवून बसलीय. थांबवता येत नाही. ज्या मशीनचा फॉर्म, तो त्याच मशीनच्या टॅब्लेटवरून जातो, दुसऱ्यावरून नाही. दोघांचे ओरखडे लिहून ठेवले. पहिला तीन टक्के. लिहितेय कारण हात स्थिर राहतो.

१.५५. चाळीस टक्के. सव्वादोनच्या आत दोन्ही जाणं शक्य नाही. एकच. रांगेत माझा वर आहे.

मला मरायचं नाही. सव्वीस वर्षांची आहे मी.

१.५६. काकांचा वर घेतला.

२.११. गेला. काका केबिनच्या काचेपलीकडून करंगळी दाखवतायत. रक्त. थोडंसंच. हसतायत. काकूंचा माणूस घरी जाणार.

माझा पुन्हा पहिल्यापासून — चार टक्के.

२.१३. पंखा बंद केलाय. वर काही टांगलेलं नाही. बघितलं. खिडकीपासून लांब बसले — आई फोन उचलत नाही —

काका इकडे येऊ नका. हातवारे करतेय, कळत नाहीये त्यांना —

जयवंतराव, माझा फॉर्म कुणीही भरू नका. सातवर नको. पुढच्याला माझंच लाग