नम्रताची मतपत्रिका

सोमवार, १० फेब्रुवारी २०२०

त्रिशंकू! डब्लिनहून नम्रताचा फोन — "बाबा, कुणालाच बहुमत नाही!" आयर्लंडच्या संसदेत एकशेसाठ जागा. पहिले तीन पक्ष पस्तीस ते अडतीसच्या घरात एकमेकांना खेटून उभे. आणि आमच्या लेकीच्या छोट्या हिरव्या पक्षाला बारा!

ती तिथे नर्स आहे. दोन वर्षांपूर्वी सायकलच्या रस्त्यासाठी सह्या गोळा करणाऱ्या एका म्हातारीने तिला पक्षात ओढली. नागरिकत्व नाही, त्यामुळे संसदेसाठी मत नाही. पण पक्षाची रीतसर सभासद. थंडीत दारोदार पत्रकं वाटते. रक्त कुठे जाईल!

मी म्हटलं, आता त्या बारा जणांना जपा, दोन्हीकडून ओढाताण होणार. तिथल्या जुन्या यादवीबद्दलही सांगायला लागलो. वाचनालयातून आणलेलं पुस्तक हाताशीच होतं. मालन मागून — "अहो, ती जेवली का विचारा आधी."

विचारलं. जेवली नव्हती.


मंगळवार, १४ एप्रिल

जयंती. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच आज मला एकही व्यासपीठ नाही. सगळी चाळ दाराआड. बाबासाहेबांच्या फोटोला मालनने कागदी फुलांचा हार केला — खरी फुलं या दिवसांत कुठून आणायची?

उभा राहून बोललो. श्रोते एक. दहा मिनिटांनी मालन म्हणाली, "बसून बोला की. मी काही पळून जात नाही." मला बसून बोलता येत नाही. तरी बसलो. तिने माझा हात हातात घेतला. "हं, आता बोला." पुढचं एक वाक्य आठवेना!

संध्याकाळी नम्रता फोनच्या पडद्यावर. सलग बारा तासांची पाळी करून आलेली, गालांवर मास्कचे लाल वळ. मालनने पडद्यावरच बोट फिरवून ते पुसायला घेतले.

तिथे दोन मोठ्या पक्षांचा एकत्र येण्याचा मसुदा झाला म्हणे. शंभर वर्षांपूर्वी यादवीत एकमेकांवर बंदुका रोखल्या, त्यांचे हे वारस! पण दोघं मिळूनही बहुमत होत नाही. "मग तिसरा कोण?" — "बहुतेक आम्हीच, बाबा."

हे मला आवडलं नाही. आज सणाचा दिवस, म्हणून बोललो नाही.


मंगळवार, १६ जून

ठरलं! तीन पक्षांचा समान कार्यक्रम तयार. पहिली अडीच वर्षं एकाचा पंतप्रधान, मग दुसऱ्याचा. अडीच-अडीच! मला हसू आवरेना. हा हिशेब आपण इथे नुकताच ऐकला, एवढ्या लांब जाऊनही तोच!

पण पुढची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. हिरव्या पक्षात शेवटचा शब्द नेत्यांचा नसतो. प्रत्येक सभासदाला टपालाने मतपत्रिका जाते. दोन तृतीयांश 'हो' म्हणाले तरच पक्ष सरकारात. म्हणजे परळच्या चाळीत जिन्यावर बसून पाढे पाठ करणारी आमची नमी एका देशाचं सरकार बनवायचं की नाही यावर मत देणार! दोनदा मोरीत जाऊन डोळ्यांना पाणी लावून आलो.

"बाबा, गुरुवारी आमच्या भागातल्या सभासदांची ऑनलाइन सभा आहे. प्रत्येकाला दोन मिनिटं. मला भाषण लिहून द्याल?"

दोन मिनिटं! तेवढ्यात तर माझं 'बंधू-भगिनींनो' होत नाही.

होकार दिला.


बुधवार, १७ जून

सकाळपासून लिहितोय. अकरा पानं झाली. कापून चार केली. वाचून दाखवली, मालनने घड्याळ धरलं — नऊ मिनिटं. दुपारी दीड पानावर आणलं. साडेतीन. "बोलायला लागली की ती भरभर बोलते," मालन म्हणाली. ठीक.

माझं म्हणणं एवढंच: मोठ्यांच्या सरकारात गेलेला छोटा पक्ष परत येतो तेव्हा त्याचं नाव तेवढं उरलेलं असतं. छोट्या माणसाजवळ 'नाही' हा एकच शब्द मोठा असतो. तोही विकला, मग काय राहिलं?

दाखला ब्याण्णव सालचा दिला. पालिकेत आमच्या समता मंचाचे दोन नगरसेवक, आणि एका मोठ्या आघाडीला नेमके दोन कमी. विहारात सभा भरली. जगदीश — गिरणीत माझ्या शेजारच्या मागावर होता, एका डब्यात जेवायचो — म्हणाला, जाऊ या. बदल्यात चाळीला टाकी आणि पंप मिळतोय, पाणी तिसऱ्या मजल्यावर येईल. मी उभा राहिलो. दीड तास बोललो! टाकीच्या पाण्यात आपला झेंडा भिजवू नका म्हणालो. टाळ्या अजून कानात आहेत.

मग हात वर. मंचात चिठ्ठ्या टाकून मतदान मी कधी होऊ दिलं नाही. कामगार मालकासमोर मत लपवत नाही, तो आपल्या माणसांसमोर का लपवेल? एकवीस विरुद्ध वीस. युती फेटाळली! तिसऱ्या रांगेतून वर गेलेला मालनचा हात मला आजही दिसतो. तो विरुद्ध गेला असता तर हरलो असतो.

जगदीशने त्या दिवशी मंच सोडला. मी जगदीशला सोडलं. तो तळमजल्याला, मी तिसऱ्या मजल्यावर. अठ्ठावीस वर्षं एकाच जिन्यावरून जातो-येतो. शब्द नाही.

हे सगळं साडेतीन मिनिटांत बसवलं. आयुष्यात एवढं कमी कधी बोललो नव्हतो.


गुरुवार, १८ जून

तिने ते वाचलंच नाही.

म्हणजे घरी वाचलं. सभेत स्वतःचं बोलली. "भाषण फार छान आहे, बाबा. पण ते तुमच्या आवाजात चांगलं वाटेल. माझ्या तोंडी मोठं होतं." बरं. मग काय बोललीस? म्हणाली, मी म्हटलं, सरकारात जाऊ या. माझ्या वॉर्डात दम्याची पोरं येतात. त्यांची घरं ओली असतात, भिंतींना बुरशी असते. औषध देऊन त्याच घरात परत पाठवतो. कार्यक्रमात घरं दुरुस्त करायचं कलम आहे. "किती होईल माहीत नाही. पण बाहेर बसलो तर काहीच होणार नाही."

मी म्हणालो, असंच सगळे म्हणतात. ती म्हणाली, सगळे म्हणतात म्हणून खोटं असतं का? माझा आवाज चढला. तत्त्व, इतिहास, विश्वासघात — सगळं बाहेर काढलं. ती शांत. शांतपणाचा मला जास्त राग येतो.

"तूसुद्धा जगदीशच निघालीस!" म्हणालो आणि फोन ठेवला.


शुक्रवार, १९ जून

मालन दिवसभर कामापुरतं बोलली.


शनिवार, २० जून

फोन वाजला. पडद्यावर नम्रताचं नाव. उचलला नाही. चूक तिची आहे, तिला कळू दे.


सोमवार, २२ जून

काल एकदा, आज दोनदा. नाही उचलला. दुसऱ्यांदा मालनने तिच्या फोनवरून उलट लावला आणि गॅलरीच्या टोकाला जाऊन बोलली. काय बोलली ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

विचारायला हवं होतं. वाटत होतं.


बुधवार, २४ जून

नीट लिहितो.

सकाळी मालन पाणी भरत होती. आता नळ खोलीतच आहे, तरी बादली उचलताना तिचा उजवा खांदा धरतो. मी वर्तमानपत्रात डोकं घालून. ती म्हणाली, "पोरीशी कधी बोलणार आहात?" मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे. बादली खाली ठेवली तिने. "त्या सभेत मलाही टाकी हवी होती."

मला आधी कळलंच नाही कोणत्या सभेत.

— मग हात का वर केलास?

— तुम्ही वर उभे होतात. सगळ्या बाया वळून माझ्याकडे बघत होत्या. तुमचीच बायको हात खाली ठेवून बसली असती, तर तुम्ही घरी कोणत्या तोंडाने आला असता?

— आणि चिठ्ठी असती तर?

— चिठ्ठी असती तर टाकी आली असती.

आवाज चढवला नाही. रागही नव्हता. भाजी काय आणायची ते सांगावं तशी म्हणाली. टाकी आली ती आठ वर्षांनी. तोवर पहाटे चारला तळमजल्याच्या नळावर रांग, दोन हंडे, बावन्न पायऱ्या. रोज. पायऱ्या मी आज मोजल्या. तिला पाठ होत्या.

त्या आठ वर्षांत मी पाण्याच्या हक्कावर किती भाषणं दिली असतील! आणि हंडा? एकदा. ती तापाने निजली होती तेव्हा. निम्मा जिन्यात सांडला.

— सांगितलं का नाहीस इतकी वर्षं?

— तुम्हाला त्या एका हाताचा किती अभिमान! दर जयंतीला सांगायचात. कसं मोडू?

दुपारी तेल कोमट करून तिचा खांदा चोळून दिला. जोरात चोळत होतो बहुतेक. "हळू," म्हणाली, "सभा नाही आहे ही." दोघंही हसलो. मग मला काही हसता येईना. तिने पदराने माझं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं.


गुरुवार, २५ जून

नम्रताला मीच फोन लावला. पाठ केलेलं सगळं विसरलो. आईचं सांगितलं. मग म्हणालो, "नमे, मत तुझं आहे. तुला पटेल तसं दे. मला सांगूसुद्धा नकोस."

"बरं, बाबा," एवढंच म्हणाली. आणि मग, "तुम्ही जेवलात?"

आजच सुरुवात केली आहे, तर पूर्ण करावं, म्हणून तळमजल्यावर उतरलो. जगदीश दारात स्टुलावर, मास्क हनुवटीला. केस पूर्ण पांढरे. मी रोज बघतो, पण बघितलं आज.

"काय रे बाबू? भाषण आहे का?"

"नाही."

"मग बस. सहा फुटांवर बस. सरकारचा नियम आहे." आतून दुसरं स्टूल आणलं. म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावरून खाली यायला अठ्ठावीस वर्षं लागतात होय रे? लिफ्ट मागायला पाहिजे होती, टाकी कसली!"

माफ कर म्हणायला तोंड उघडलं. त्याने हाताने थांबवलं. "थोडक्यात सांग. नाहीतर अंधार पडेल."

थोडक्यात सांगितलं. दोन मिनिटांच्या आत झालं.


शनिवार, २७ जून

काल मोजणी झाली. तीन चतुर्थांश सभासद बाजूने! दोन मोठ्या पक्षांतही होकार. आज तिथे नवा पंतप्रधान निवडला गेला. शंभर वर्षांचं वैर एका टेबलाशी बसलं, आणि तिसरी खुर्ची आमच्या नमीच्या पक्षाची.

मालनने शिरा केला. जगदीशला वर बोलावला. तो प्रत्येक मजल्यावर थांबत, धापा टाकत आला. दारातूनच ओरडला — "बाबू, तुझी पोरगी सरकारात गेली रे! बापाला नाही जमलं ते केलंन!" त्याच्या कोकणातल्या शेजारणीकडून उचललेलं ते 'केलंन' ऐकून मालन हसत सुटली. तिघं खिडकीशी बसून शिरा खाल्ला. जगदीशने दोनदा घेतला. मी फारसा बोललो नाही. बरं वाटत होतं.

एक मत कमी-जास्त झालं असतं तरी निकाल तोच होता. पण त्या ढिगाऱ्यात तिचा एक कागद तिच्या मनाप्रमाणे पडला असेल, एवढाच विचार दिवसभर गोड लागत होता. विचारलं नाही. विचारायचं नाही असं ठरलंय.


रविवार, २८ जून

न विचारता तिनेच सांगितलं. मतपत्रिका तिने मंगळवारीच टपालात टाकली होती. माझा फोन गेला गुरुवारी.

'नाही'वर खूण केली होती.

कार्यक्रम पटला होता. सभेत बाजूने बोलली होती. पाकीट बंद होतं, बघणारं कुणी नव्हतं. "मग का गं?"

"तुम्ही फोन उचलत नव्हतात, बाबा. तुमचा अबोला किती वर्षं चालतो, ते मी लहानपणापासून बघितलंय."