मधला पिलर

आबा, तुमचा तो आज आपल्या गॅरेजच्या शेडवर आला होता. त्याला तुमचा शागीर्द म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही, आई म्हणायची तसं 'तुमचा लाडका'च तोंडात येतं. आता केस पांढरे झालेत त्याचे, खामगावला स्वतःचं मोठं गॅरेज आहे. तरी दारात चपला काढून आत आला, तुमच्या फोटोला हात जोडून डोळे मिटून उभा राहिला, आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. शेड मी चालवते, फोटोला हार मी घालते, आणि येऊन डोळे मिटणारा हा! चहा मागवला मी, पण साखर कमी सांगितली.

जळायला मला तुम्हीच शिकवलंत. दुपारी डबा घेऊन यायची मी, तेव्हा तुम्ही वेल्डिंग करत कुठल्यातरी गाडीत अर्धे शिरलेले असायचे आणि तो 'मास्तर, मास्तर' करत तुमच्या खांद्याला खांदा लावून. "काऊन बे, डोये कुठी ठेवले? तोड ते टाके! पुन्हा मार!" तुमचा आवाज पार बसस्टँडपर्यंत जायचा. आणि मला? "ठेव बाई डबा. जाय सावलीत बस." मैत्रिणी म्हणायच्या, काय मायाळू बाप आहे तुझा. मला वाटायचं, अहो, एकदा तरी ओरडा माझ्यावर. ज्याला शिकवायचं असतं त्यालाच माणूस शिव्या घालतो, एवढं मला तेव्हाही कळत होतं. घरी जेवतानाही तुमच्या तोंडी तोच. आज त्यानं पत्रा जाळला, आज त्यानं गाडी जॅकवर असतानाच दोन दरवाजांमधला पिलर कापला आन् गाडी मधातूनच बसली. आई भाकरी थापता थापता हसायची आणि मी ताटात ठेचा वाढत सगळं कानात साठवायची. दहावी झाले तेव्हा तुम्ही मला चांदीचे पैंजण आणलेत, आणि त्याच दिवाळीत त्याला तुमची हातोडी दिलीत. पैंजण छान होते, नाही कशाला म्हणू? पण पैंजणवालीला हातोडी धरता येत नाही, हे तुम्हाला सांगितलं कोणी?

तुम्ही गेल्यावर तो खामगावला गेला. भावकी म्हणाली, शेड विका. मी म्हटलं, हात तर लावून बघा. आयटीआयला जाऊन वेल्डिंग शिकले, अख्ख्या वर्गात एकटी बाई. आता जळगाव जामोदमध्ये कुणाच्या गाडीचा पत्रा सडला की लोक म्हणतात, ताईकडे न्या.

सध्या शेडमध्ये एक जुनी ॲम्बेसिडर उभी आहे. मालकाच्या आजोबांची गाडी, घरातलं लग्न तोंडावर आलंय आणि नवरी हिच्यातूनच आणायची असा त्याचा हट्ट आहे. वरून ही गाडीबाई अगदी ठणठणीत, पण दोन्हीकडचे मधले पिलर पायातून सडलेले. पुढचा दरवाजा ज्यात अडकतो आणि मागचा ज्यावर झुलतो तोच गेला, तर गाडीत उरलं काय? मी म्हटलं, कापून नवे लावते. मालक हो म्हणाला, आणि मला न विचारता खामगावला फोन करून मोकळा झाला. वर मलाच सांगतो, "ताई, तुमच्यावर भरवसा हाय, पण त्यायच्या नजरेखालून एकडाव गेलं तं बरं." माझं डोकंच फिरलं. ठरवलं, तो यायच्या आत एक बाजू उरकायचीच. गाडी चाकांवरच ठेवली, आतून तिरपे पाइप मारून तिला आधार दिला. तेवढं तर मी तुमच्या जेवणाच्या गप्पांतूनच शिकले होते. हात मोकळा फिरावा म्हणून दोन्ही दरवाजे उतरवून ठेवले, टेपनं माप घेतलं, जुना पिलर कापला, नवा उभा केला आणि वेल्डिंगचे कच्चे टाके मारले.

तो आला, चहाचा एक घोट घेतला आणि गाडीपाशी वाकला. बोटानं पिलर चाचपला. मग भिंतीला टेकवलेल्या दरवाजांकडे पाहिलं, आणि कप बोनेटवर आपटून ओरडला, "काऊन बे! दरवाजा काढून पिलर लावतं काय? अबे दरवाजाच तं माप हाय! टेप काय सांगन तुले? तोड ते टाके!"

आबा, तोच आवाज. तोच हात हवेत. मला आजवर कुणी 'बे' म्हटलं नव्हतं. तो गोरामोरा झाला, "चुकलं ताई, मास्तरच आले अंगात." मी म्हटलं, "चुकलं काऊन म्हणता? धरा पिलर." टाके तोडले. पुढचा दरवाजा चढवला, पिलर त्याच्या मापानं सरकवला, दोन सूत मागे गेला. पुन्हा टाके मारले आणि दरवाजा लोटला. ठप्. एकदाच, जड, अगदी तुमच्या गाड्यांसारखा. तो म्हणाला, "हाव."

मला आनंद व्हायला हवा होता ना? झालाही. पण तो गेल्यावर मी पुन्हा जळले. हातोडी त्याला दिलीत ते एक वेळ सोडा. तुमचा आवाजही त्यालाच दिलात हो! मला तुमच्या शिव्या मिळाल्या त्याही त्याच्या तोंडून, उष्ट्या. आणि खरं सांगू, उष्ट्या तर उष्ट्या, मला त्या पुरल्या नाहीत.

हा कागद सकाळी चहाच्या शेगडीत जाईल, उगाच कुणाच्या हाती लागायला नको. दुसऱ्या बाजूचा पिलर उद्या कापायचा आहे, आणि तो बघायला येतो म्हणालाय. दरवाजा जागेवर ठेवूनच नवा लावायचा, हे मला आता पक्कं ठाऊक आहे. तरी त्या बाजूचे दोन्ही दरवाजे मी आत्ताच उतरवून भिंतीला टेकवून ठेवलेत.