बाईसाहेब कपाटामागे

३ मार्च

आल्या एकदाच्या. दोघी बहिणी, सहा वर्षांच्या. एकीने पिंजऱ्यातून उतरल्या उतरल्या वाटी चाटूनपुसून साफ केली – तिचं नाव हावरट. दुसरी थेट बायकोच्या कपाटामागे. नुसते दोन डोळे दिसतात. ती बाईसाहेब.

यांची मालकीण शाळेत शिकवायची. आता वृद्धाश्रमात असते, तिथे मांजरं चालत नाहीत. प्राण्यांच्या आश्रयघरातली मुलगी म्हणाली, "पंधरा दिवस बघा, काका. नाहीच रमल्या तर परत आणा. पण दोघींना वेगळं करू नका."

उद्योग सगळा ताईचा. "घर खायला उठतं म्हणतोस ना? मग घे ही दोन खाणारी तोंडं."

४ मार्च

पिंजऱ्यात एक जुनी शाल होती. कळकट, केसांनी भरलेली. बत्तीस वर्षं लॉन्ड्री चालवतोय, असलं काही डोळ्यांसमोर ठेवून झोप लागेल का मला! गरम पाण्यातून दोनदा काढली. वाळवून, इस्त्री करून कपाटासमोर ठेवली. नवीकोरी दिसत होती.

बाईसाहेब बाहेर आल्या. शाल हुंगली. परत आत.

५ मार्च

बाईसाहेबांनी आजही अन्नाला तोंड लावलं नाही.

६ मार्च

मासा उकडून ठेवला. हावरटने खाल्ला.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी पहिलंच विचारलं, "काही धुतलंत का?" शालीचं सांगितलं. "अहो, मांजराचं घर नाकात असतं. तिचं उरलंसुरलं घर तुम्ही धुऊन टाकलंत. उद्यापर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या. मांजर उपाशी राहिलं की यकृतावर येतं, जिवावर बेतू शकतं."

त्यांना काय सांगणार, हे मी दुसऱ्यांदा केलंय म्हणून. ही गेली त्या आठवड्यात हिचे सगळे कपडे धुतले. स्वेटर, चादरी, उशीचे अभ्रेसुद्धा. हाताला काम हवं होतं. कडक इस्त्री करून कपाटात लावले. महिन्याने कपाट उघडून आत तोंड खुपसलं – नुसता साबण. माझ्याच दुकानातला. त्या दिवशी जेवढा रडलो तेवढा ही गेली तेव्हाही रडलो नव्हतो. आठ महिने झाले त्याला.

७ मार्च

सकाळीच वृद्धाश्रम गाठला. लाज सोडून शिक्षिकाबाईंना म्हणालो, तुमचं एखादं न धुतलेलं काही द्या. हसल्या. "लॉन्ड्रीवाल्याने मळके कपडे मागायचे नाहीत तर कुणी?" अंगातला स्वेटर काढून हातात दिला. मग हळूच, "माझी आठवण काढते का हो?"

म्हटलं, जेवत नाही.

"तिला सांगा, मी जेवते."

घरी आलो. स्वेटर कपाटासमोर टाकला, शेजारी वाटी ठेवली. हावरटला स्वयंपाकघरात कोंडलं आणि दाराआड उभा राहिलो. पाय भरून आले. तासाभराने बाईसाहेब निघाल्या. स्वेटरमध्ये डोकं घातलं, किती तरी वेळ तशाच बसल्या. मग खाल्लं. अर्धी वाटी! मी तिथेच खाली बसलो.

वृद्धाश्रमात फोन करून कळवलं. पलीकडून नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

११ मार्च

स्वेटरवर दोघी. भांडतात, मला मध्ये घेत नाहीत.

१७ मार्च

आश्रयघराला कळवून टाकलं – परत आणत नाही. ताई म्हणाली, "मग? घर उठतं का अजून खायला?" म्हटलं, उठतं, पण पहाटे पाचला, आणि वाटीशी जाऊन ओरडतं.

१८ मार्च

आज कपाट सरकवून मागे झाडलं. बाईसाहेब चार दिवस जिथे दबून बसल्या होत्या तिथे, खाली, हिचा निळा स्कार्फ. कधी मागे पडला होता कोण जाणे. धूळ, वर मांजराचे केस. उचलला आणि बादलीकडे निघालो, सवयच.

दारात थांबलो. नाकाशी धरला.

ही होती त्यात.