शाळेची विहीर चारशे फूट

सिल्व्हासा,
ता. १८ एप्रिल १९६६

श्रीयुत भास्करराव यांस,

रमाकांतचा सप्रेम नमस्कार. आपली आणि रजनीताईंची प्रकृती उत्तम असणारच. मुंबईच्या कॉलेजात पंख्याखाली बसून पदार्थविज्ञान सांगणाऱ्याला व्हायचंय काय? इकडे आम्हीही धडधाकट आहोत. सुनंदा रोज आपली आठवण काढते. (आपल्या धाकट्या मेहुणीशी लग्न करून मी आपला साडू झालो, त्याची शिक्षा म्हणून भाजीत मीठ कमी पडलं तरी "आमचे भावजी कसे मुकाट जेवतात" हे मला ऐकावं लागतं.)

पत्रास कारण आपलं शास्त्र. आमचे विज्ञानाचे मास्तर दिवाळीनंतर बडोद्याला चालते झाले. आमचे हेडमास्तर गुजराती, आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांचा एकच उतारा: "रमाकांतभाई, चालशे!" तेव्हा संस्कृतच्या मास्तराने पदार्थविज्ञान शिकवलं तरी चालशे. मीही हो म्हटलं, कारण अजून नोकरीत कायम व्हायचोय. म्हटलं, पाणिनी पचवलेल्या माणसाला ही गतीची तीन सूत्रं काय जड! पुस्तक उघडलं आणि हसूच आलं. काय ती उदाहरणं! म्हणे एक मोटार स्थिर स्थितीतून निघते आणि एकसमान त्वरणाने धावते, म्हणजे दर सेकंदाला तिचा वेग सारखाच वाढत जातो. कुठे पाहिलीत हो ही मोटार? आमच्या खानवेलच्या बसला या आपण. ती निघते, रांध्याच्या फाट्यावर बकरी आडवी येते, पुढे ड्रायव्हरचा मेहुणा भेटतो, मग कोणाची तरी कोंबडी सुटते नि सगळी बस तिच्यामागे. हिचं त्वरण काढून दाखवा, मग प्रोफेसर म्हणवून घ्या! आणि तो वेळेचा वर्ग! पडायला दुप्पट वेळ लागला तर अंतर म्हणे चौपट. आमच्याकडे दुप्पट माणसं जेवायला आली तर भात दुप्पटच लागतो. (आपण आलात तर चौपट लागतो, ते सोडा.)

आता मूळ हकीकत. शाळेची विहीर उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी पडते. ती आणखी खोल खणून मिळावी म्हणून हेडमास्तरांना सरकारी कचेरीत अर्ज करायचा होता, आणि अर्जात आजची खोली लिहायची होती. मला म्हणाले, तुम्ही विज्ञानशिक्षक, काढून द्या. दोर सोडून मोजणं हे गवंड्याचं काम. मी सगळा वर्ग विहिरीवर नेला आणि आपल्याच शास्त्राप्रमाणे दगड सोडला. सेकंद दाखवणारं घड्याळ शाळेत नाही. पण मात्रा मोजण्यात ज्याची हयात गेली त्याला घड्याळ कशाला? दगड सुटताच मी खणखणीत "गजानन" म्हटलं, आणि शेवटच्या "न"वर खाली धप्प आवाज झाला. ग लघू, जा गुरू, न लघू, न लघू: पाच मात्रा. एक मात्रा म्हणजे एक सेकंद, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. (कोणी तरी ठरवायलाच हवं होतं. तुमचा सेकंदही कोणी तरी ठरवलेलाच ना?) सेकंदांचा वर्ग गुणिले सोळा म्हणजे दगड पडला तितके फूट, हे आपलंच सूत्र. पाचाचा वर्ग पंचवीस, गुणिले आपले ते सोळा. चारशे फूट! मुलं थक्क झाली, हेडमास्तर "वाह!" म्हणाले आणि अर्ज रवाना.

भास्करराव, या विहिरीतून शिपाई एरवी पोहऱ्याने पाणी काढतो. चारशे फुटांचा दोर असता तर त्याची गुंडाळी ठेवायला वेगळी खोली बांधावी लागली असती, हे मला त्या क्षणी सुचलं नाही, त्याला जबाबदार आपलं सूत्र. कचेरीतून उलट टपाली विचारणा आली की चारशे फूट खणूनही समाधान नसेल तर शाळेला नक्की कुठवर जायचं आहे? आता सोमवारी खुद्द शिक्षणाधिकारी येताहेत. आधी विहीर पाहणार, मग माझा पाठ ऐकणार, आणि मला कायम करायचं की गावी धाडायचं ते तिथेच ठरणार. मी मुळीच घाबरलेलो नाही. तोंडावर सांगणार आहे की साहेब, मोजणारा बरोबर आहे, शास्त्रातच खोट आहे. असलं शास्त्र जन्मभर शिकवून आपल्याला रात्री झोप कशी लागते, हे मात्र जरूर कळवावं.

आपला,
रमाकांत

ता. क. केवळ करमणूक म्हणून विचारतो: चूक नक्की कुठे झाली असेल? आणि तासभर चालेल असा एखादा पाठ पायरीपायरीने लिहून सोमवारच्या आत पाठवावा. पत्ता शाळेचा घालावा. घरी नको, सुनंदा आपलं अक्षर ओळखते.

ता. क. २. या पत्राबद्दल तिला अवाक्षर कळता कामा नये.

ता. क. ३. ती. भावजींना सुनंदाचा सा. नमस्कार. पाकीट चिकटवून पेटीत टाकायला ह्यांनी माझ्याच हाती दिलं. नुसता पाठ धाडू नका, स्वतःच या. ह्यांचं जेवणावर लक्ष नाही, झोपेत मात्रा मोजतात. मी बोलावलं असं सांगू नका, सहज आलो म्हणा, आणि जे काय समजवायचं ते घराबाहेर समजवा. आळीतल्या सगळ्या बायकांना मी केव्हाच सांगून बसले आहे की आमचे भावजी मुंबईचे प्रोफेसर असले तरी विज्ञान शिकवण्यात आमच्या ह्यांच्या पासंगालाही पुरत नाहीत.